जंगलातला पाला कुजवायचा कसा: मूठभर मातीपासून चाळलेल्या खतापर्यंत

कोकणात पातेरा जाळायला कुणाला शिकवावं लागत नाही. काजूच्या बागेत वणवा शिरू नये म्हणून झाडाखालचा पाला ओढून पेटवतात, अंगण झाडलं की कोपऱ्यात धूर निघतो, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पाला पसरून पेटवतात, तो वेगळाच. कुजवायचं म्हटलं की मात्र पहिला प्रश्न येतो, "कल्चर (कुजवणाऱ्या जिवांचं विकतचं विरजण) कुठलं आणू?" मग बाटली येते, पाण्यात कालवली जाते, कोरड्या ढिगावर शिंपडली जाते. चार महिन्यांनी ढीग उकरून बघावं तर आंब्याचं पान जसंच्या तसं. "आमच्याकडे नाही कुजत," असं म्हणून पुन्हा काडी.

कुजवणारे जीव बहुतेक वेळा विकत आणावे लागत नाहीत. ते त्याच पाल्याखालच्या मातीत असतात. त्यांना कमी पडतं ते पाणी, नत्र (नायट्रोजन) आणि हवा, आणि हे तिन्ही पुरवायला पैशापेक्षा हात जास्त लागतात. खालची रीत तळकोकणातल्या बागेला आणि लगतच्या मालकी जंगलाला धरून लिहिली आहे. विदर्भ-मराठवाड्यात थोडे बदल करावे लागतात, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी एकदा झाडाखाली बसून बघा

जुन्या ऐनाखाली किंवा आंब्याखाली बसा आणि पाल्याचा थर काठीने हळूहळू बाजूला करा. काठीनेच, हाताने नाही, कारण आपल्याकडे पाल्यात फुरसं असतं आणि ते पाल्याच्याच रंगाचं असतं. वर कुरकुरीत, अख्खी पानं दिसतील. त्याखाली ओलसर, तपकिरी पानं, एकमेकांना चिकटलेली. त्यातली काही जाळीदार झालेली असतात: मधला गर गेलेला आणि नुसत्या शिरा उरलेल्या. पानांच्या मधून पांढरे, सुतासारखे धागे गेलेले असतात, ती बुरशी. आणखी खाली काळी, मऊ, भुसभुशीत माती लागते, तिला पहिल्या पावसाचा वास येतो. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. मातीतले ॲक्टिनोमायसीट्स हे जीव ते तयार करतात.

जाळीदार पानात सगळं गणित आहे. पानाचा मऊ भाग साखर, प्रथिनं आणि सेल्युलोज यांचा असतो. तो जिवाणू आणि साध्या बुरशा पटकन खातात. शिरांमध्ये आणि काटक्यांमध्ये लिग्निन जास्त असतं, ते लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य. ते फोडणं सगळ्यांना जमत नाही. पांढरी कूज करणाऱ्या बुरशा ते काम करतात आणि त्यासाठी त्यांना भरपूर हवा लागते. म्हणून दाबून ठासलेल्या, पाणी साचलेल्या खड्ड्यात पाला वर्षभर राहिला तरी नुसता काळा पडतो, कुजत नाही.

पाला कुठून आणायचा

आधी आपल्या बागेतला, बांधावरचा, घरामागचा, रस्त्याकडेचा. राखीव जंगलातून पाला उचलायला वनखात्याची परवानगी लागते, आणि अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात तर हातच लावायचा नाही. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेला विचारून काम करता येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला असे हक्क २००९ मध्ये मिळाले. देवराईतलं वाळकं पानही उचलायचं नाही हा आपल्या गावांचा जुना दंडक आहे. तो पाळा, देव मानत असाल किंवा नसाल.

मालकीच्या जंगलातलाही सगळा पाला खरवडून नेऊ नका. तो तिथल्या मातीचा खुराक आहे आणि पावसाच्या माऱ्यापासून तिची ढालही. उतारावर तर अजिबात नाही. पायवाटा, कुंपणाकडेचे पट्टे, वणवा अडवण्यासाठी साफ करायच्या जाळरेषा इथला पाला तसाही काढावाच लागतो. तेवढा धरा.

सगळी पानं सारखी नसतात. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), शेवगा, करंज ही लवकर विरघळतात. ऐन, किंजळ मध्यम. आंबा, काजू, फणस यांच्या पानांवर मेणाचा थर असतो, पाणी वरून घरंगळून जातं. सागाचं पान मोठं, खरखरीत आणि टॅनिनचं. निलगिरी, सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ हे सगळ्यात चिवट, त्यांचं प्रमाण ढिगात पाव भागाच्या वर जाऊ देऊ नये. बांबूची पानंही हट्टी, पण बारीक असल्यामुळे चालतात. प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या आणि तणनाशक मारलेलं गवत आधीच बाजूला काढा.

वेळ आणि जागा

साग थंडीतच झडायला लागतो, ऐन-किंजळ त्यानंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला गोळा करून लगेच ढीग लावला तर पावसाआधी तीन महिने हातात मिळतात, आणि तेवढे पुरतात. मे महिन्यात सुरुवात केली तर कोकणातला पाऊस ढीग धुऊन नेतो: नत्र वाहून जातं आणि आत हवा राहत नाही.

कोकणात खड्डा नको. जांभ्यात खणलेला खड्डा जूनमध्ये विहीर होतो. जमिनीवर, थोड्या उंच जागी, झाडाच्या सावलीत ढीग लावा. तळाला जाड काटक्यांचा वीतभर थर द्या म्हणजे खालून हवा खेळेल. विदर्भ-मराठवाड्यात उलटी अडचण असते, तिथे ढीग वाळतो. म्हणून तिथे कमरेइतका खोल खड्डा किंवा विटांचं टाकं बरं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी रूढ केलेलं नाडेपचं टाकं त्याच कोरड्या मुलखातलं आहे: दहा बाय सहा फूट, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली. एका टाक्याला दीड टनाच्या आसपास काडीकचरा, जेमतेम शंभर किलो शेण आणि तब्बल पावणेदोन टन कोरडी माती लागते. शेणाच्या कितीतरी पट माती! लोक टाकं बांधतात आणि नेमकी मातीतच कंजुषी करतात.

विरजण

दही लावायला कालचं चमचाभर दही लागतं, तसं इथे जंगलातल्या मातीचं. मघाशी पाहिलेल्या थरांपैकी मधला, पांढऱ्या धाग्यांचा ओलसर थर आणि त्याखालची बोटभर काळी माती घ्या. एकाच झाडाखालून नको, पाच-सहा वेगवेगळ्या झाडांखालून मूठ मूठ घ्या आणि जागा पुन्हा पाल्याने झाका. ज्या जातीचा पाला कुजवायचा आहे त्याच झाडाखालची माती त्यात असावी, कारण ते पान खायची सवय असलेले जीव तिथेच सापडतात. शंभर किलो पाल्याला दोन घमेली पुरे. आणलेली माती उन्हात ठेवू नका, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि दोन दिवसांत वापरा.

जीवामृत करत असाल तर तेही चालेल. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी घरोघर पोचवलेली रीत आहे ती. दोनशे लिटरला दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आपल्या ढिगाला याचा दहावा हिस्सा, वीस लिटर, पुष्कळ झाला. सावलीत दोन दिवस ठेवून रोज ढवळायचं. माझं मत असं की गुळाच्या पाण्यात फोफावतात ते मुख्यत्वे गोडावर पटकन वाढणारे जीव. सागाच्या शिरा फोडणाऱ्या बुरशा त्यात फारशा वाढत नाहीत. म्हणून जीवामृत घातलं तरी मातीचा थर टाळू नका.

बाजारातल्या कल्चरला माझा विरोध नाही. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने (आता राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र) तयार केलेलं वेस्ट डीकंपोजर स्वस्त आहे आणि गुळाच्या पाण्यात घरी वाढवता येतं. ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीची पुडीही चांगली, एक टन पाल्याला एक किलो या हिशोबाने. पण ट्रायकोडर्मा साधारण पंचवीस-तीस अंश सेल्सिअसला खूश असतं. ढीग पहिल्या आठवड्यात साठ अंशांच्या आसपास तापतो. पहिल्याच दिवशी पुडी ओतली तर बुरशी शिजते. ढीग थंडावल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या पलटीला, म्हणजे ढीग उलटून लावताना, घाला. पाकिटावर हे क्वचितच लिहिलेलं असतं.

ढीग लावणे

प्रमाण शंभर किलो कोरड्या पाल्याचं देतो. पाला फसवा असतो, डोंगराएवढा दिसतो आणि वजनाला काहीच नाही. एक पोतं दाबून भरून वजन करा आणि मग पोती मोजा.

कोरडा पाला १०० किलो, ताजं शेण ५० किलो, गिरिपुष्पाचा किंवा दुसरा हिरवा पाला ८० ते १०० किलो, जंगलातली माती दोन घमेली, बागेतली साधी माती आठ-दहा घमेली, पाणी १०० ते १५० लिटर.

हिरवा पाला एवढा का? कुजवणाऱ्या जिवांना दर २५ ते ३० भाग कर्बाला (कार्बनला) एक भाग नत्र लागतं. वाळक्या पानात हे प्रमाण साठाच्या आसपास असतं, लाकडाच्या भुशात तर चारशेच्या घरात जातं. नत्र कमी पडलं की जीव वाढत नाहीत, ढीग तापत नाही. शेण पातळ असतं, त्यात नत्र थोडंच. नुसत्या शेणावर भागवायचं तर शेणाचाच ढीग होईल. गिरिपुष्प ही कमतरता भरून काढतं. बांधावर लावलेलं असेल तर वर्षातून दोन-तीनदा छाटता येतं. नसेल तर यंदाच पावसाळ्यात फांद्या रोवा, काठी रोवली तरी फुटते. तोवर टाकळा, हिरवं गवत, केळीचे तुकडे, भाजीचा कचरा, जे हाताशी असेल ते वापरा. काहीच नसेल आणि सेंद्रिय प्रमाणपत्राची अट नसेल तर ८०० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा. यावर नाकं मुरडली जातात, पण जाळण्यापेक्षा हे लाख पटीने चांगलं.

आता काम. पाला सकाळी गोळा करा, दवामुळे धूळ उडत नाही. दुपारी मात्र तो अंगणात पसरून उन्हात कडक होऊ द्या आणि पायाखाली, ट्रॅक्टरच्या चाकाखाली किंवा धोपटण्याने चुरा करा. सागाचं पान दुपारी पापडासारखं मोडतं, सकाळी चामड्यासारखं वाकतं. काटक्या कडबाकुट्टीतून काढा, अंगठ्यापेक्षा जाड काटकी ढिगात घालूच नका. नाका-तोंडाला फडकं बांधा, कोरड्या पाल्याच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि दम्याच्या माणसाला त्याने त्रास होतो.

चुरलेला पाला रात्रभर भिजवा. ही पायरी कुणी करत नाही आणि निम्मे ढीग इथेच फसतात. वरून कितीही पाणी ओतलं तरी मेणचट पान ते झटकून टाकतं, वरचा थर ओला आणि पोट कोरडं. पिंपात किंवा ताडपत्रीच्या डबक्यात बुडवा, वर दगड ठेवा. जमत नसेल तर थर लावताना प्रत्येक थरावर पाणी मारून पायाने तुडवत जा.

पाच फूट लांब, चार फूट रुंद जागा आखा. काटक्यांच्या थरावर सहा इंच भिजलेला पाला, त्यावर दोन इंच हिरवा पाला, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), त्यावर दोन्ही माती मिसळून पातळ भुरभुर. मग पुन्हा पाला. असं चार फुटांपर्यंत चढवा. तीन फुटांहून कमी उंचीचा ढीग आतली ऊब धरत नाही आणि पाच फुटांच्या वर गेला तर स्वतःच्या वजनाने दबून आतली हवा जाते. मध्ये दोन बांबू उभे ठेवून वर चढा, शेवटी ते उपसून काढा, हवेला धुराडी मिळतात. वरून माती-शेणाने हलकं सारवा आणि नारळाच्या झावळ्यांनी झाका.

ओलावा बरोबर आहे का हे बघायला मधली मूठ घेऊन पिळा. बोटांच्या फटीत पाणी चमकलं, फार तर एखादा थेंब पडला, तर ठीक. धार लागली तर जास्त. हात कोरडाच राहिला तर पाणी मारा.

पुढचे तीन महिने

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ढीग तापतो. लोखंडी पहार पोटात खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोकाला हात लावून धरवत नसेल तर साधारण ५५ अंशांच्या वर आहे, म्हणजे उत्तम. याच उष्णतेत तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. पहार थंडच निघाली तर बहुतेक वेळा कारण पाणी, मग नत्र.

बारा-पंधरा दिवसांनी पहिली पलटी. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, सुकलेल्या भागावर पाणी मारत. आत राखेसारखी पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ती ॲक्टिनोमायसीट्सची. पण त्याचा अर्थ तो भाग फार तापून कोरडा पडला आहे, पाणी द्या. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पलटी, एकूण तीन-चार. दुसऱ्या पलटीनंतर तापमान उतरतं आणि खरं लिग्निनचं काम सुरू होतं, बुरशांचं. या टप्प्यात ढीग दिसायला मख्ख असतो, लोक कंटाळतात आणि पाणी द्यायचं विसरतात. एप्रिल-मे आहे, आठवड्यातून एकदा तरी आत हात घालून बघा. हातमोजे घालून, आणि आधी काठीने ठोकून.

नाक उघडं ठेवा. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, त्याच दिवशी पलटी करा आणि कोरडा पाला मिसळा. डोळ्याला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर हिरवं किंवा शेण जास्त झालं, पाला आणि माती घाला. मुंग्या आणि वाळवी दिसली म्हणजे ढीग कोरडा आहे. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर त्या हुमणीच्या असू शकतात, पलटीच्या वेळी वेचून कोंबड्यांना टाका. पावसाच्या तोंडावर ढिगावर छत्र्या उगवतात. त्या खायच्या नाहीत, मग त्या अळंबीसारख्या कितीही दिसोत.

मेअखेर ढिगावर ताडपत्री किंवा पत्रा चढवा. बाजू उघड्या राहू द्या.

एवढं सगळं करायची ताकद किंवा माणसं नसतील तर सोपा मार्ग आहे: कोंबडीच्या जाळीचा गोल पिंजरा करा, भिजवलेला पाला आणि जंगलातली माती त्यात भरा आणि ओला ठेवून विसरून जा. वर्ष-दीड वर्षात पानांची मऊ काळी माती मिळते. तापत नाही म्हणून तणाचं बी मरत नाही, पण कुंड्यांना आणि रोपवाटिकेला ती झकास. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी रस्त्यावरच्या पाल्यासाठी हेच करावं.

झालं हे कसं ओळखायचं

ढीग मूळच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली बसतो. पलटी केली तरी पुन्हा तापत नाही. पानाची शीर चिमटीत चुरगळते. आणखी खात्री हवी तर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर पिकलं, आंबूस किंवा कुबट आला तर अजून कच्चं. थोड्या खतात मेथी किंवा मूग पेरून बघा. कच्च्या खतात उगवण अडखळते, कारण त्यातले जीव रोपाच्या वाट्याचं नत्रही ओढून घेतात.

अर्ध्या इंचाच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला चोथा फेकू नका. तो पुढच्या ढिगाचं विरजण, आणि जंगलातून आणलेल्या मातीपेक्षा सरस, कारण यातले जीव तुमच्याच पाल्यावर पोसलेले आहेत. एकदा हे चक्र सुरू झालं की जंगलातून माती आणावी लागत नाही.

वापर

रोपांच्या पिशव्यांसाठी दोन भाग माती, एक भाग हे खत, एक भाग वाळू. काजू-आंब्याच्या आळ्यात पावसाच्या सुरुवातीला. आणि भाताच्या रोपवाटिकेत राबाऐवजी: गादीवाफ्यावर बोटभर थर देऊन मातीत मिसळा. राब भाजणारे अडाणी नव्हते. भाजल्याने तण मरतं, राखेतून पालाश मिळतं आणि पहिल्या पावसात रोप तरारतं. खत घातलेल्या वाफ्यात तण जास्त येईल, हे आधीच धरून चाला आणि एक खुरपणी वाढवा. दोन वाफे शेजारी शेजारी करून बघा, एक भाजलेला, एक खताचा. शेजाऱ्याला पटवायला याहून चांगला उपाय नाही.

पाल्याच्या खतात नत्र साधारण अर्धा ते एक टक्का असतं. ते मातीचा पोत सुधारतं, पाणी धरतं, पण पिकाची सगळी भूक त्यावर भागत नाही. एकदम रासायनिक खत बंद करून हेच घातलं आणि उत्पन्न घटलं तर दोष खताचा नाही. आणि ढिगावर किंवा ताजं खत घातलेल्या वाफ्यावर बोर्डो किंवा दुसरं बुरशीनाशक पडू देऊ नका, ज्या बुरशांनी एवढं काम केलं त्याच त्याने मरतात.

विकायचा विचार असेल तर थांबा. घरी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, पण पिशवीत भरून खत म्हणून विकायचं तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. ओलावा, नत्र, कर्ब-नत्र प्रमाण वीसच्या आत, जड धातू, सगळं तपासावं लागतं आणि नोंदणी लागते. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आधी चौकशी करा, पिशव्या नंतर छापा.